विमानाच्या पत्र्याचा कंगवा

मी, फुंग थी लुआ, वय सत्तर पूर्ण, मयत ड्रायव्हर क्वेन यांची पत्नी, पूर्वी शिवणकाम करून पोट भरले, आता नुसती कुरबुर करते असे मुलीचे म्हणणे, राहणार लाम नदीच्या काठी, तालुका दो लुओंग, प्रांत न्घे आन, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा हवा असेल तर बाजारातल्या कोंबडीवालीला विचारावे. आजच सकाळी तिने शिळी कोंबडी ताजी म्हणून पुढे केली, ती मी तिच्याच टोपलीत परत ठेवून आले.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख योग्य जागी येईल. येत्या आठवड्यात विन्हच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर तरुण आहे, हात स्वच्छ आहेत, पण मी काही विचारले की खिडकीबाहेर बघतो. म्हणून हे आजच लिहून मोकळी होते.

कलम पहिले. घर, अंगण, विहीर आणि फणसाचे झाड माझी एकुलती एक मुलगी सेन हिला मिळावे. जमिनीच्या मालकीची लाल वही तांदळाच्या पिंपामागे आहे. फणसाची एक फांदी शेजाऱ्याच्या छपरावर जाते, म्हणून त्या फांदीचे फणस आपले असे शेजारी गेली वीस वर्षे म्हणत आला आहे. माझ्या हयातीत त्याला एक गरासुद्धा मिळाला नाही. माझ्यामागे सेनला द्यावासा वाटला तर द्यावा, ती बापासारखी मऊ आहे.

कलम दुसरे. पोस्टातली ठेवही सेनची. मात्र तिच्यातून सर्वांत आधी कलम सहामधला खर्च भागवावा. तो पुरा झाल्याखेरीज माझ्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाचा विचारही करू नये. लोक उपाशी मरत नाहीत.

कलम तिसरे. शिवणयंत्र माझ्या नणंदेला द्यावे. लग्नात तिने चारचौघांत म्हटले होते की मी शिवलेल्या सदऱ्याची कॉलर वाकडी आहे. आता तिने स्वतः शिवून बघावी. क्वेन यांची पान्यांची पेटी जावयाला द्यावी. त्याला सायकलची साखळीही चढवता येत नाही, पण पेटी घरात असली तर कधीतरी लाज वाटून शिकेल.

कलम चौथे. एक कंगवा. हीच माझी खरी मिळकत आणि हाच सगळ्या भांडणाचा विषय, म्हणून त्याचे वर्णन सविस्तर करते. पत्रा अॅल्युमिनियमचा, शत्रूच्या पाडलेल्या विमानाचा. पाठीवर दोन कबुतरे, त्यांच्याखाली ‘होआन – लुआ, १९६९’ असे कोरलेले. एका टोकाचा दात वाकडा. डाव्या कबुतराच्या पंखाखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा. हा मासा मी वीस वर्षे पाहत होते आणि त्याला पंखाचे पीस समजत होते.

माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको, पण सेनच्या मुलांसाठी लिहिते. लढाईत विमान पडले की सैनिक त्याचा पत्रा कापून घेत आणि त्यातून आपल्या मैत्रिणीसाठी कंगवा करत. कंगवा हातात पडला की मुलीचे ठरले, असे गाव समजून चाले. आता तेच कंगवे लोक काचेच्या कपाटात मांडतात आणि त्यांचा लिलाव होतो. होआन आमच्याच गावचा. कंगवा करायला घेतला आहे, असा निरोप त्याने कोणाबरोबर तरी धाडला होता. कंगवा आला नाही. तोही आला नाही. त्याच्या घरी कागद आला तो एवढाच की दक्षिण आघाडीवर वीरमरण. जागा नाही, तारीख नाही.

ही मिळकत माझ्याकडे कशी आली त्याचा खुलासा असा. सत्याण्णव साली क्वांग बिन्हमध्ये रस्ता रुंद करताना एका ओढ्याच्या उताराला जळक्या मालमोटारीचा सांगाडा निघाला आणि त्यात माणसांची हाडे. एकाच्या बरगड्यांशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला हा कंगवा होता. बाकीच्यांजवळ ओळखीचे काहीच नव्हते. कंगव्यावर नाव होते, नावाला गाव सापडले, आणि ती हाडे होआनची म्हणून आमच्या गावच्या दफनभूमीत आली. तिथल्या म्हाताऱ्यांना मोटार जळाली तो दिवसही आठवत होता, तिसऱ्या चांद्रमासाची चौदा. तोच होआनचा दिवस ठरला. आमच्याकडे माणसाचा मरणदिवस ठाऊक नसला तर त्याला वर्षातून एकदा घरी जेवायला बोलवायचे कधी, हा सगळ्या घराला जाळणारा प्रश्न असतो. होआनच्या आईचा तो प्रश्न त्या दिवशी सुटला. ती पुढची चार वर्षे शांत झोपली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

होआनचा धाकटा भाऊ ख्वे याने कंगवा मला आणून दिला. म्हणाला, “ताई, हा तुमचाच. उशीर झाला पोचायला.” क्वेन तेव्हा जिवंत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितले तर म्हणाले, “घे गं. माझ्याकडनं काही विमान पडलं नाही, माझ्या भरवशावर राहू नकोस.” असा माणूस मला नवरा म्हणून मिळाला. हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी विन्हचा थाच घरी आला. त्याचे कॉफीचे दुकान आहे आणि भिंतीभर शिरस्त्राणे, जेवणाचे डबे, कंदील टांगलेले आहेत. त्याने कंगवा उन्हात धरला आणि म्हणाला, “मावशी, हा तुमच्या त्यांनी केलेला नाही.”

“मग काय तुझ्या आजोबानं केला?”

“चिडू नका ना. हा मासा बघा पंखाखाली. असे तीन आहेत माझ्याकडं. नावं वेगळी, गावं वेगळी, हात एकच. त्या मासेवाल्याचे कंगवे शोधत लोक पार सायगोनपास्नं येतात. कोण होता ते मात्र कुणाला ठाऊक नाही.”

मला खरोखर राग आला. होआनने रात्रंदिवस खपून माझ्यासाठी पत्रा घासला, असे मी मनाशी धरून बसले होते आणि दोनतीनदा लोकांना सांगूनही मोकळी झाले होते. थाचला खोटे पाडायचे म्हणून मी त्या मासेवाल्याच्या शोधाला लागले. थाचकडून तिन्ही कंगव्यांवरची नावे घेतली आणि त्या बायका शोधून काढल्या. पहिली वारली होती. दुसरीने फोनवर कुजबुजत सांगितले, “आमचे हे इथंच बसलेत, ते कंगव्यावरचे नाहीत, तुम्ही परत फोन करू नका.” तिसरी थान्ह होआची, दणदणीत आवाजाची. ती म्हणाली, “अगं, तो तिएप! माझ्या नवऱ्याच्या तुकडीत गाड्या दुरुस्त करायचा. सगळ्यांचे कंगवे तोच करून द्यायचा. आमच्या ह्यांना साधा खिळा ठोकता यायचा नाही.”

तिएप नाम दिन्हला बदके पाळून आहे. वय शहात्तर, बॉम्बच्या आवाजाने एक कान गेलेला, दुसऱ्याने हवे तेवढे ऐकतो. मी सेनला घेऊन गेले. त्याने कंगवा डोळ्याजवळ नेला, माशावर नख फिरवले आणि हसला.

“माझाच. हे दात बघ कसे सरळ आहेत. हा शेवटचा वाकडा होआनचा. हट्टच धरून बसला, एक तरी मी कापतो म्हणाला. करवतीचं पातं मोडलं लेकाच्यानं. तू त्याची लुआ का? त्यानं सांगितलेली लुआ लांब केसांची होती.”

“पन्नास वर्षं झाली, दादा. केस गेले.”

“हां, तेही खरं. माझा कान गेला. कुठं मिळाला तुला हा?”

मी सांगितले. मोटार, ओढा, होआनची हाडे. तो ऐकता ऐकता हसायचा थांबला. त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावले, आणि मी बहिऱ्या कानाशी बोलले असेन म्हणून मोठ्याने सांगितले.

“ओरडू नकोस, ऐकू आलं. होआन त्या गाडीत नव्हता.”

“कंगवा त्याच्या छातीशी होता.”

“कंगवा होता. होआन नव्हता. अगं, कंगवा तुझ्यासाठी केलेला, तो होआन स्वतःच्या छातीशी धरून कशाला बसेल? तो तुला पोचवायचा होता. न्याम घेऊन चालला होता. लुओंग व्हान न्याम, वरच्या डोंगरातला, कोन कुओंगचा. त्याच्या मांडीत बॉम्बचा तुकडा घुसला म्हणून उत्तरेला धाडत होते. घरी जाताना तुझं गाव वाटेत, म्हणून होआननं त्याच्याकडं दिला. मी न्यामला उचलून गाडीत ठेवला. होआन माझ्या शेजारी उभा राहून ओरडत होता, हरवलास तर तुझा दुसराही पाय मोडीन म्हणून.”

“मग होआन?”

“पावसाळा लागेस्तोवर आमच्यातच होता. मग ताप भरला, त्याला जंगलातल्या ठाण्यावर ठेवून आम्ही पुढं गेलो. त्यापुढचं मला माहीत नाही. आणि तुम्ही काय कंगवा वाचून माणूस ओळखलात होय? कंगवा म्हणजे आमचं टपाल होतं, बाई.”

परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा वाटले ते असे की होआनला आणखी एक उन्हाळा मिळाला. मला आनंद झाला, आणि तो लिहायला मला लाज वाटत नाही. दुसरा विचार आला तो घरी पोचल्यावर, आणि त्या दिवसापासून माझे हृदय नीट चालत नाही. आमच्या गावात होआनच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा झोपला आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तिथे झोपवले आहे. कोणी फसवले नाही. नाव समोर होते, आम्ही ते वाचले.

कलम पाचवे. थाचने कंगवा मागितला तर त्याला नाही म्हणावे. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सेनचा नवरा खुर्चीत सरळ बसला होता, म्हणून हे वेगळे कलम. थाच माणूस वाईट नाही. त्याने हटकले नसते तर हे काहीच कळले नसते. त्याला माझ्याकडून दरवर्षी दोन फणस पोचते करावेत, त्यांतला एक शेजाऱ्याच्या छपरावरच्या फांदीचा असला तर उत्तम.

कलम सहावे. न्यामची आई जिवंत आहे. तिचे नाव बान, वय चौऱ्याण्णव, कोन कुओंगच्या वर खांबांवरच्या घरात नातीजवळ राहते. मी तिला भेटायला गेले ते हाडांविषयी काही बोलायचे नाही असे ठरवून. तपासणी झाल्याशिवाय म्हातारीला आशा लावणे बरे नव्हे, असे मी आणि सेनने ठरवले होते. नातीने हिरव्या पानांचा चहा दिला. म्हातारी चुलीपाशी बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. नात म्हणाली, ती मामाचा दिवस कधीच करत नाही. दिवस ठाऊक नाही म्हणजे तो गेलाच नाही, असा तिचा हिशेब. शेतातला त्याचा वाटाही तिने कोणाला लावू दिलेला नाही, तिथे गवत वाढते.

मग म्हातारी एकदम म्हणाली, “तुझ्याकडं माझ्या पोराचं काय आहे?”

मी खोटे बोलायला तोंड उघडले आणि मला ते जमले नाही. म्हणाले, “आई, एक वस्तू होती. माझ्यासाठी दिलेली. तो घेऊन येत होता.”

“पोचवली का त्यानं?”

“पोचवली. जरा उशिरा.”

“मग बरं,” ती म्हणाली. “लहानपणी मीठ आणायला धाडला तर वाटेत मासे धरत बसायचा. मला वाटलं तसंच काही केलं असेल.”

नंतर तिने मला आणखी काही विचारले नाही. निघताना मात्र माझे मनगट धरून ठेवले आणि नातीने बोटे सोडवीपर्यंत सोडले नाही. तिला कळले आहे. आता ती भात खात नाही, पेज घेते, आणि नात आठवड्याला फोन करून विचारते, “मावशी, कबर कधी उघडणार?”

म्हणून माझी इच्छा अशी की कबर उघडावी, हाडाचा नमुना घ्यावा आणि तो बानआईच्या नमुन्याशी ताडून पाहावा. आईकडून मुलाकडे येणारी खूण हाडात राहते, असे तपासणीवाल्यांनी सेनला सांगितले आहे. बानआईच्या तोंडातला नमुना आम्ही कापसाच्या काडीवर घेऊन ठेवला आहे. नमुना ठेवता येतो, डोळे ठेवता येत नाहीत. तिने बघितले पाहिजे. मी शस्त्रक्रियेतून उठले तर मी धावपळ करीन, नाही उठले तर सेनने एक दिवसही माझे सुतक न पाळता करावी. हाडे न्यामची निघाली तर ती त्याच्या आईच्या दारातून आत जावीत, दगडावर त्याचे नाव यावे आणि तिसऱ्या महिन्याची चौदा ही तारीख त्याला परत मिळावी. ती त्याचीच आहे. न्यामची नाहीत असे निघाले तर मी दोन घरांना उगाच पेटवले असे होईल, आणि त्याचा दोष सेनला नाही, मला द्यावा.

कलम सातवे. कबर होआनच्या नावावर आहे आणि ती उघडायला ख्वेची सही लागते. ख्वे सही देत नाही.

मी त्याला यंदाच्या तिसऱ्या महिन्याच्या चौदाला, होआनच्या दिवशीच सांगितले, जेवणे झाल्यावर, पाहुणे गेल्यावर. त्याने चिकट भात केला होता, कोंबडा कापला होता, दादाच्या फोटोपुढे सिगरेट लावून ठेवली होती. मी सांगत गेले आणि तो उष्टी भांडी एकात एक घालत गेला. शेवटी म्हणाला, “ताई, तुम्ही आज जेवलात ना पोटभर?”

“जेवले.”

“कुणाच्या नावानं जेवलात?”

मी त्याच्या हातातली भांडी घ्यायला पुढे झाले.

“बोला ना. माझी आई मरताना मला म्हणाली, मला त्याच्या शेजारी ठेव. ठेवली. आता म्हणता शेजारचा परका आहे. त्याला उचलून डोंगरात न्यायचा. मग माझी आई तिथं एकटीच? आणि दादा कुठं? कुठल्या जंगलात? कुठल्या दिवशी? कंगव्यानंच दादा परत दिला होता, आता कंगवाच काढून घेतोय. द्या तो कंगवा इकडं. लाम नदीत फेकतो, म्हणजे संपलं.”

“ख्वे, वर एक म्हातारी आहे.”

“माझीही होती म्हातारी!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की त्याची बायको आतून धावत आली.

त्यानंतर तो माझ्या अंगणात तीनदा येऊन गेला. एकदा नुसता उभा राहिला. एकदा बायकोकडून बदकाची अंडी पाठवली आणि मागून निरोप, की एवढं जाऊ द्या. मागच्या आठवड्यात आला तो सांगायला, की नव्या वर्षाच्या तेत सणाआधी कबरीवर ग्रॅनाइटची फरशी बसवून खाली काँक्रीट ओततो आहे, गवंडी ठरला आहे. “ओतलं की मग फोडायची कुणाची छाती होते ते बघू. तुमची नाही होणार, ताई. तुम्ही तर दवाखान्यात चाललात.” आत्तापर्यंत मला इतके लागेलसे कोणी बोललेले नाही. पण बोलून झाल्यावर तो जागचा हलला नाही. फणसाखाली उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा विचारू लागला, “मला एवढंच सांगा, दादाला मी जेवायला कधी बोलावू? कधी? तुम्ही मला दिवस सांगा, मी आत्ता सही देतो.”

माझ्याकडे दिवस नव्हता. तिएपकडे नव्हता. मी सगळीकडे विचारले. ते जंगलातले ठाणे जिथे होते तिथे आता रबराची झाडे आहेत. ख्वे गेला आणि मी खूप रडले.

ख्वेला मी दुष्ट म्हणत नाही. त्याच्या जागी मी असते तर गवंडी केव्हाच आणला असता. म्हणून माझी इच्छा अशी की तपासणी पुरी होईपर्यंत कंगवा सेनजवळ पुरावा म्हणून राहावा, आणि नंतर तो ख्वेला द्यावा. हाडे गेली तर त्या घरात होआनच्या हातचे एवढेच उरेल, एक वाकडा दात. फेकायचा असेल तर त्याने तेव्हा फेकावा, मी अडवायला नसेन.

कलम आठवे. मला क्वेन यांच्या शेजारी ठेवावे. तीन वर्षांनी रीतीप्रमाणे हाडे काढून मडक्यात भरताना सेनने स्वतः हजर राहावे. माझ्यासोबत कंगवा, अंगठी, नावाचा रुमाल असले काहीही पुरू नये. उगाच कोणीतरी वाचत बसेल.

कलम नववे. हे कलम मी काल सेनला विचारून मगच लिहिते आहे. होआनला दिवस नाही. न्यामचा त्याने इतकी वर्षे वापरला, तो परत करायचा आहे. कागदावर तारीख नाही, जंगलात खूण नाही, आणि बिनदिवसाच्या माणसाला त्याचा भाऊ कधीच घरी बोलावू शकत नाही. माझी सगळी मालमत्ता वर वाटून झाली. एक गोष्ट उरली आहे, ती अजून माझ्या हाती आलेली नाही, पण येणार हे नक्की आहे आणि ती माझीच असेल. ज्या दिवशी मी मरेन, तो चांद्रदिवस मी काओ व्हान होआन याला देते. त्या तारखेला ख्वेने आपल्या घरी दादासाठी पान वाढावे आणि सेनने आपल्या घरी माझ्यासाठी. दोन्ही घरांनी एकमेकांकडे ताट पाठवावे.

सेन आधी घुटमळली. म्हणाली, “आई, बाबांना काय वाटेल?”

“बाबांना त्यांचा दिवस आहे,” मी म्हणाले. “ते देवासारखे वेळेवर गेले. ह्यालाच कुठं जायचं ते कळलं नाही.”

मग ती हसली आणि मग तिने चहा केला, तेव्हा तिची संमती आहे असे मी धरते.

मी मेल्याखेरीज ख्वेला हा दिवस कळणार नाही, आणि कबर मात्र आत्ता उघडायला हवी, हे मला समजते. मी त्याच्याकडे उधारीवर विश्वास मागते आहे. ही सात आणि नऊ नंबरची कलमे त्याला वाचून दाखवावीत म्हणून आज दुपारी गावच्या कचेरीत यायचा निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही. त्याच्या सहीसाठी खाली जागा सोडली आहे. आला नाही तर ती जागा कोरी ठेवावी, खोडू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि एक शब्दही मागे घेत नाही. शेजाऱ्याच्या फणसाबद्दलचाही नाही.

ठिकाण: दो लुओंग, न्घे आन
दिनांक: १९ नोव्हेंबर २०१८

सही: फुंग थी लुआ

साक्षीदार पहिले: त्रिन्ह व्हान न्युआन, निवृत्त मुख्याध्यापक. (वारस नाही, नातेवाईक नाही, फणसाशी संबंध नाही.)

साक्षीदार दुसरे: थाई थी क्वी, पोस्टातील कारकून.

कलम सात व नऊ वाचून घेतल्याबद्दल: काओ व्हान ख्वे.

(त्यांच्याच हातचे) वाचून घेतले. दोनदा वाचायला लावले. गवंड्याला नको म्हणून कळवले आहे. कबर उघडायला माझी हरकत नाही, शेजारी झोपलेल्या आईलाही मी सांगेन. ताई, माझ्या दादाचा दिवस अजून पुष्कळ वर्षे येऊ नये.